सात आणि अकरा नंबरचा पिंजरा

सरांना मी खुर्चीवर बसलेलं एकदाच पाहिलं. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, नंतर दोन वर्षं घरी जाणं-येणं होतं, आणि त्या सगळ्या काळात एकदाच. बाकी वेळ हा माणूस उभा असे, नाहीतर चालत असे. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं खात. बैठकीत भिंतीला पाठ लावून उभे राहत. एकदा भोपाळहून आलेल्या साहेबांनी तीनदा "बैठिए" म्हटलं, तेव्हा सर म्हणाले, "आप बैठिए, मैं सोच रहा हूँ।" साहेबांना ते लागलं. त्या वर्षी आमचा निम्माच निधी आला.

राज्य तुटून छत्तीसगड वेगळं झालं, त्याच्या पुढच्या वर्षी मी जबलपूरला सरांकडे प्रकल्प सहायक म्हणून लागले. जनावरांच्या रोगांवर काम करणारी ती छोटी प्रयोगशाळा सिविल लाइंसच्या एका टोकाला, जुन्या बंगल्यात होती. कोणाला इथं ठेवतात, कोणाला रायपूरला पाठवतात, याची रोज नवी बातमी येई. सगळ्यांकडून पसंतीचे फॉर्म भरून घेतले होते. सरांनी पसंतीच्या रकान्यात "जहाँ घोंघे मिलें", म्हणजे गोगलगायी मिळतील तिथं, असं लिहिलं होतं. बाबूंनी फॉर्म परत पाठवला. सरांनी तो त्याच उत्तरासह पुन्हा पाठवला.

पहिल्या दिवशी मी कामाची यादी करून गेले होते. त्यातलं पहिलं काम, बसायची जागा पक्की करणं. सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाच्या चारही पायांखाली तीन-तीन विटा होत्या. माझी उंची पाच फूट. मी स्टूल मागितलं.

"स्टूल काहून पाहिजे?"

"बसायला, सर."

"बसलं का डोळा आळशी होते. मग त्याले जे पाहिजे तेच दिसते." असं म्हणून त्यांनी एक लाकडी खोकं पायानं माझ्याकडे सरकवलं. "याच्यावर उभी राहा."

पाच वर्षं मी त्या खोक्यावर उभी होते. माझ्या पायांच्या शिरांबद्दल आजचे डॉक्टर जे म्हणतात त्याचं मूळ तिथं आहे.

मला याद्या करायची सवय आहे. घरच्या, कामाच्या, प्रवासाच्या. काम झालं की समोर बरोबरची खूण करायची, राहिलं तर दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं. खिशातल्या डायरीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. सरांनी आठवड्याभरात हे हेरलं आणि मला यादीबाई म्हणायला लागले. खरं तर त्यांना माझ्या याद्या आवडत. त्यांच्या स्वतःच्या नोंदी शर्टच्या बाहीवर, बसच्या तिकिटावर, एकदा तर पपईच्या सालीवर होत्या. साल वाळून गोल झाली तेव्हा ती मला वाचायला दिली.

त्यांचं सगळं आयुष्य एका कृमीच्या अंड्यांवर चाललं होतं. हा कृमी जनावराच्या रक्तात राहतो, डुकरांत, बकऱ्यांत, उंदरांत. तळ्यातल्या गोगलगायीत वाढतो, तिथून पाण्यात येतो आणि पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतो.

"कृमी बिचारा पाहुणा आहे," सर म्हणत. "खाते, पिते, पडून राहते. भांडण लावते ते अंडं. अंडी वाहत वाहत यकृतात जाऊन अडकतात अन् त्यातून प्रथिनं झिरपतात. शरीराले त्याचा राग येते. प्रत्येक अंड्याभोवती शिपायांचा गराडा. त्या गराड्याची गाठ होते, गाठीचा वण होते, अन् एक दिवस सारं यकृत दगड. अंड्यानं नाही मारलं, बाई. रागानं मारलं."

हे ते कुणालाही सांगत. घमापुरात त्यांच्या घराजवळ मटणाचं दुकान होतं. सर मटण खात नसत, पण रविवारी सकाळी टॉर्च घेऊन तिथं हजर. टांगलेल्या प्रत्येक कलेजीवर उजेड मारून बघत. पांढरे ठिपके दिसले की मागे उभ्या गिऱ्हाइकाला सांगत, "ये मत लेना भैया।" शेवटी दुकानदारानं तोड काढली. ठिपक्यांची कलेजी तो स्वतःच बाजूला ठेवी आणि सोमवारी फुकट प्रयोगशाळेत पोचवी. अट एकच, "साहब, संडे को आप दुकान पे मत आना।" सरांना वाटे, शहरात विज्ञानाची कदर करणारा हा एकच माणूस आहे.

गोगलगायी गोळा करायला आम्ही पावसाळा सरला की कुंडमकडे जायचो. जीप रायपूरच्या वाट्याला गेली होती, म्हणून बसनं. बस अर्धी रिकामी असली तरी सर उभे, आणि त्यांच्या सीटवर गोगलगायींची बादली. पहिल्या खेपेला कंडक्टर बराच वेळ बघत राहिला.

"साहब, आप बैठ जाओ, बाल्टी को खड़ा कर दो।"

"बाल्टी को चक्कर आता है," सर म्हणाले.

कुंडमच्या पलीकडे एका तळ्यावर कपडे धुणाऱ्या बाईनं विचारलं, "मछली वाले साहब हो?"

"नहीं बाई, कीड़े वाले।"

तेवढ्यावरून तिनं तिच्या बकऱ्यांचं सांगायला सुरुवात केली. खातात पण अंगाला लागत नाही, पोटं फुगतात, मग बसतात त्या उठत नाहीत. सर्वांत चांगली दूध देणारी मागच्या महिन्यात गेली. सर गुडघाभर पाण्यात उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी तिला नीट समजावलं, की रोग या पाण्यात आहे, पावसानंतरचे चार महिने बकऱ्या काठच्या उथळ पाण्यात शिरू देऊ नकोस.

बाईनं तळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "तो पानी कहाँ पिएँ?"

परतीच्या बसमध्ये सर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालत होते. कंडक्टरनं तिकिटं सोडून दिली आणि त्यांना वाट करून देत राहिला. जबलपूर आलं तेव्हा सर म्हणाले, "पाणी बंद नाही करता येत. कृमी बंद नाही करता येत. रागच कमी केला तर?"

पुढची दोन वर्षं त्या एका वाक्यावर गेली. विचार साधा होता. आजारी यकृतातून अंडी वेगळी करायची, थंडीत वाटायची, यंत्रात गरगर फिरवून वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. त्या पाण्यात अंड्यांची प्रथिनं. ती अगदी थोडी थोडी उंदरांना आधीच टोचायची, म्हणजे शरीराला त्यांची ओळख होईल, आणि नंतर खरी अंडी आली तरी राग कमी येईल, गाठी लहान राहतील. बारा पिंजरे केले. सहांतल्या उंदरांना प्रथिनं, सहांतल्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांना सारखाच रोग द्यायचा आणि शेवटी यकृतातल्या गाठी मोजायच्या.

गाठी सर स्वतः मोजणार होते, आणि इथं त्यांची अट होती. कोणता पिंजरा कोणत्या गटातला हे त्यांना कळता कामा नये. चिठ्ठ्या मी टाकल्या, औषधाच्या बाटल्यांवर फक्त नंबर मी लिहिले, गटांची यादी माझ्याकडे. ती लिफाफ्यात घालून लाखेनं बंद केली. वर सरांनी मला एक कागद लिहून दिला, "मी मागितली तरी ही यादी मला देऊ नये." खाली सही.

तीन आठवड्यांत त्यांनी मागितली.

"सारी नको. पाच नंबर तेवढा सांग."

मी कागद दाखवला.

"हे कोणी लिहिलं?"

"तुम्ही, सर."

"मूर्ख माणूस आहे," असं म्हणून ते व्हरांड्यात निघून गेले. दहा चकरा मारून परत आले आणि म्हणाले, "बरं केलं नाही सांगितलं ते. पण तोंड असं सरळ ठेवून काहून सांगते? थोडं वाईट वाटू दे ना."

पुढेही ते मागतच राहिले. कधी दम देऊन, कधी माझ्या आईची चौकशी करून, एकदा चहात बिस्किट बुडवताना अगदी सहज. पिंजऱ्यांची सफाई करणारा भैया आणि मी, आम्ही आपसात पैज लावायला लागलो होतो, की आज साहेब कोणत्या वाटेनं येणार.

ऑक्टोबरात उंदरांना रोग दिला. गोगलगायी दिव्याखाली ठेवल्या की त्यांच्यातून डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जंतू पाण्यात उतरतात. त्या पाण्यात एकेका उंदराची शेपटी बुडवून धरायची. उंदरांना मारायचा दिवस जानेवारीत आला. त्या दिवशी सरांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही आणि संध्याकाळी घमापूरला लांबच्या रस्त्यानं चालत गेले. दुसऱ्या दिवसापासून विटांवरच्या टेबलाशी उभे. एका काचपट्टीवर यकृताचा रंगवलेला पातळ काप, त्यात अंडं, अंड्याभोवती गाठ, गाठीची रुंदी. असं जवळजवळ तीन महिने. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. पुन्हा असा प्रयोग करायला पावसाळा, गोगलगायी, उंदीर आणि पगार, यांतलं काही त्यांच्या हातात राहणार नव्हतं. जे निघायचं ते याच बारा पिंजऱ्यांतून.

एप्रिलमध्ये लिफाफा फोडला. साक्षीला भैयाला बोलावलं होतं. सर वहीतून वाचणार, गाठी लहान की मोठ्या. मी यादीतून सांगणार, प्रथिनं की पाणी.

"एक. लहान."

"प्रथिनं."

"दोन. मोठ्या."

"पाणी."

तीन, चार, पाच, सहा. सगळं जसं यायला हवं तसंच आलं. सरांचा आवाज मुद्दाम सपाट ठेवलेला होता, पण पाय थांबत नव्हते.

"सात. मोठ्या."

मी यादी पुन्हा वाचली. "प्रथिनं, सर."

ते थांबले. मग "आठ," म्हणाले. आठ, नऊ, दहा बरोबर. "अकरा. लहान."

"पाणी."

बारा बरोबर होता, पण तो कोणी नीट ऐकलाच नाही. दोन पिंजरे उलटे आले होते, आणि अगदी एकमेकांच्या जागी शोभतील असे. ते दोन असेच धरले तर फरक इतका पुसट होत होता की त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. ते एकमेकांच्या जागी ठेवले तर बाराच्या बारा पिंजरे सरांच्या बाजूनं बोलत होते.

आणि मला आठवलं. पिंजऱ्याचा नंबर फक्त त्यावर लावलेल्या कार्डावर असे. नोव्हेंबरात एका शनिवारी चार पिंजऱ्यांची कार्डं पाण्याच्या बाटल्या गळून ओली झाली होती. शाई पसरली होती. मला फुटलेली शाई बघवत नाही. मी सगळी कार्डं नवीन, सुवाच्य अक्षरात लिहिली. सात आणि अकरा त्या पंधरवड्यात रॅकवर शेजारी होते, कारण खिडकीचा उजेड सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून आम्ही पिंजऱ्यांच्या जागा बदलत असू. त्या दोघांची कार्डं मी एकदम काढली होती.

मी हे सांगितलं. "अदलाबदल झाली असणार, सर."

"असणार?"

"झालीच आहे. दिसतंय ना."

"ते मलेही दिसून राहिलं. मी विचारून राहिलो, तुले कधी आठवलं?"

"आत्ता."

"सात नंबर वाचायच्या आधी का नंतर?"

"अकरा वाचल्यावर."

"मग ते आठवणं नव्हे, बाई. ते वाटणं आहे."

भैया दारात उभा होता. "सर जी, मान लो न दीदी की बात। दीदी का लिखा कभी ग़लत निकला है?"

"वही तो," सर म्हणाले. त्यांनी प्रयोगशाळेचं रजिस्टर काढलं. त्या शनिवारच्या पानावर माझंच अक्षर होतं. दोन, सात, नऊ, अकरा, नवीन कार्डं. बस. "दोन अन् नऊचीही कार्डं बदलली. त्यांच्यावर तू शंका नाही घेत. काहून? तर ते आपल्या मनासारखे आले."

"मग निदान हे दोन सोडून द्या, सर. दहा धरा."

"सोडतो. पण काहून सोडले, हे लिहावं लागते. काय लिहू? उलटे आले म्हणून?"

मी चिडले होते. चूक माझी होती हे मला मान्य होतं, ती दुरुस्त करायची वाटही समोर होती, आणि हा माणूस माझी चूक घ्यायलाच तयार नव्हता. मी म्हणाले, "दुसरं कोणी असतं तर केव्हाच बदलून टाकलं असतं."

"हाव," ते म्हणाले. "दुसरं कोणी खुर्चीवर बसलंही असतं."

त्यांचे वडील कारखान्यात तपासनीस होते, आर्वीकडून इकडे आलेले. तयार झालेला प्रत्येक भाग मापून त्यावर शिक्का मारायचं काम. दिवसभर उभ्यानं. न मापता शिक्का मारायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी मुलाला शिकवली, असं सर सांगत. हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला होता.

जूनच्या शेवटच्या दिवशी सर निवृत्त झाले. समारंभात हार उभ्यानंच घेतला. नव्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात टेबलाखालच्या विटा काढल्या. मला शहरातल्या एका तपासणी केंद्रात जागा मिळाली. तिथं मी आधी स्टूल मागितलं, आणि मग त्यावर मला बसवेना.

सरांचं चालणं घराच्या गच्चीवर सुरू झालं. महिन्या-दोन महिन्यांनी मी जात असे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दार उघडून वर बोट दाखवत.

"चालून राहिले. दोन जोड्या चपला गेल्या. एका वाक्यासाठी."

लेख लिहून तयार होता. काकूंनी मला एकदा तो दाखवला. स्वच्छ कागद, स्वच्छ अक्षर. सगळं होतं, अंडी, प्रथिनं, गाठींची मापं, दहा पिंजरे. मध्ये एक ओळ होती, "दोन पिंजरे वगळले आहेत, कारण". पुढे दोन ओळींची कोरी जागा.

"टाका ना काहीतरी लिहून," काकू म्हणत.

"काहीतरी लिहायले दोन वर्षं लागत नाहीत," वरून आवाज येई.

मला वाटत होतं, त्यांना आपला अंदाज खरा की खोटा याची तगमग आहे. तसं नव्हतं. एकदा गच्चीवर त्यांनीच सांगितलं, चालता चालता, माझ्याकडे न बघता. "दहा पिंजरे खरे बोलून राहिले, याची मले खात्री आहे. मले खात्री माझी नाही. ते दोन मी शंका होती म्हणून सोडले, का मले आवडले नाहीत म्हणून सोडले? हे कळलं तर एका ओळीचं काम आहे."

हे ऐकून मी घरी आले आणि त्या शनिवारबद्दल जे जे आठवेल त्याची यादी करायला बसले. चार ओळींच्या पुढे गेली नाही. प्रयोगशाळेचं सगळं रजिस्टरमध्येच असे, म्हणून खिशातल्या जुन्या डायरीत बघायचं सुचलं नाही. त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचा साखरपुडा होता, एवढंच काय ते ठळक आठवत होतं.

सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्याच भावाच्या मुलीचं बारसं ठरलं. आईला साखरपुड्याच्या वेळचा आचारी हवा होता. त्याचा नंबर माझ्या जुन्या डायरीत असणार. मी खिशातल्या डायऱ्या टाकत नाही, वर्षवार रबर लावून पेटीत ठेवते. ती डायरी काढली, नोव्हेंबर उघडला. शनिवारचं पान. गॅसचा नंबर लावणे, बरोबरची खूण. आईच्या चष्म्याची काडी, खूण. साबुदाणा, खूण. पत्रिकेचं प्रूफ, खूण. आणि पाचवी ओळ, पेन्सिलीनं, घाईत लिहिलेली: "७, ११ कार्डं बदलली का? उद्या बघ".

खूण नव्हती. उद्या साखरपुडा होता. सोमवारी मी नवीन पान सुरू केलं, आणि ही ओळ पुढे उतरवली नव्हती. आयुष्यात मी किती ओळी पुढे उतरवल्या असतील. ही नाही.

मी आचाऱ्याचा नंबर आईला दिला आणि रिक्षा करून घमापूरला गेले.

सर गच्चीवर होते. काकू खुर्चीवर परात ठेवून तीत पापड वाळत घालत होत्या. मी डायरी सरांच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानंच पान वाचलं. मग प्रश्न सुरू झाले.

"साबुदाणा खरंच आणला होता?"

"आणला होता."

"चष्म्याची काडी?"

"बसवली."

"म्हणजे खूण आहे तिथं काम झालेलं आहे. अच्छा." त्यांनी पान उन्हात धरलं. "पण ही ओळ तू काल रात्री नाही लिहिली, हे मी काहून मानू?"

रागानं माझे कान तापले. पण प्रश्न रास्त होता. तेवढ्यात काकू पापड टाकून उठल्या आणि त्यांनी डायरी सरांच्या हातातून ओढून घेतली.

"हे माझं अक्षर आहे."

पाचव्या ओळीच्या खाली खरोखरच काकूंचं अक्षर होतं. त्या शनिवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून निघताना त्यांच्याकडे चिरोट्यांचं प्रमाण विचारायला आले होते आणि त्यांनी माझ्याच डायरीत लिहून दिलं होतं. मैदा, तूप, साखर, पाकाची वेळ, पानाच्या तळापर्यंत. माझ्या प्रश्नचिन्हाचा पाय घाईत लांब ओढला गेला होता, आणि काकूंनी त्या पायाला वळसा घालून "मैदा" लिहिलं होतं. माझी ओळ आधीची असल्याशिवाय तो वळसा पडलाच नसता.

सरांनी भिंग आणलं. वळसा पाहिला. पुन्हा पाहिला.

"दोन वर्षं गच्ची तुडवली," काकू म्हणाल्या, "अन् उत्तर माझ्या मैद्यावर होतं. एकदा चिरोटे कर म्हणाले असते तर."

सरांनी खुर्चीवरची परात उचलली, खाली ठेवली आणि खुर्चीवर बसले.

काकूंनी पापडासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. सर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, बसायची सवय नसलेला माणूस बसतो तसे, पाठ ताठ. त्यांचे पाय हलत नव्हते. ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "आता तर अदलाबदल नक्की झाली ना, सर? आता बाराही पिंजरे धरता येतील."

"नाही. शंका होती, एवढंच नक्की झालं. अन् ती निकालाच्या आधीची होती. दोन्ही पिंजरे सोडायले तेवढं पुरते. बदलायले नाही पुरत."

त्यांनी लेखाचे कागद मागवले. त्या कोऱ्या जागेत लिहिताना त्यांना फक्त दीड ओळ लागली: कार्डं नवीन लिहिणाऱ्या सहायकाला त्याच दिवशी या दोन कार्डांबद्दल शंका आली, तिनं ती नोंदवली, तपासली नाही. मग त्यांनी पेन थांबवलं.

"तुझं नाव आहे लेखावर. सहायक कोण ते सगळ्यांना कळेल. नव्या नोकरीत विचारतील."

मी नीटनेटकेपणासाठी ओळखली जाणारी बाई. त्या नोकरीत मला घेतलं होतं ते त्याच्याच जोरावर. मी वाकून परातीतला एक पापड उलटवला.

"'तपासली नाही' च्या आधी 'मात्र' घाला," मी म्हणाले. "वाक्य नीट लागेल."

त्यांनी 'मात्र' घातलं.

पुढच्या वर्षी तो लेख एका लहानशा नियतकालिकात आला, दोन पानांचा. कुंडमच्या त्या बाईपर्यंत त्यातलं काही पोचलं असेल असं मला वाटत नाही. कोणीतरी कुठंतरी तो प्रयोग पुढे नेला का, याचा सर शेवटपर्यंत शोध घेत होते, अर्थात चालत. नव्या नोकरीत मला विचारलं. मी पान काढून दाखवलं.

त्या दिवशी गच्चीवरून निघताना मी माझी डायरी परत मागितली आणि पेन्सिल काढली. पाचव्या ओळीपुढे खूण करावी, दोन वर्षं राहिलेलं काम संपलं, असं मला वाटलं. सरांनी खुर्चीवरूनच हात पुढे केला आणि पानावर ठेवला.

"कार्डं पाहिली होती का?"

"नाही, सर."

"मग खूण कशाची करून राहिली?"

मी पेन्सिल खिशात ठेवली. ती डायरी त्या वर्षाच्या रबरात आहे. पाचवी ओळ अजून तशीच आहे, समोर खूण नाही.